क्रोमाचा दोष सॉफ्टवेअरच्या माथी नको

नाशिकच्या सातपूरमध्ये कोणी नवशिका हिरव्या पडद्यावर काम करायचं म्हणाला, की त्याला पहिला सल्ला ठरलेला मिळतो. "आफ्टर इफेक्ट्स टाकून घे, बाकीचं सगळं पोरखेळ आहे." सांगणारा कधी लग्नाचं मिक्सिंग करणारा असतो, कधी कॉम्प्युटर जोडून देणारा दुकानदार, कधी अ‍ॅनिमेशनच्या क्लासमधले सर. तिघंही मनापासून सांगतात आणि त्यांच्या शब्दाला वजन असतं, कारण ऐकणाऱ्याला दुसरं विचारायला कोणी नसतं. मग क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून मशीनमध्ये येतं, ते रडतखडत चालतं म्हणून ग्राफिक्स कार्डाचा हप्ता सुरू होतो, आणि एवढं करूनही माणसाच्या केसांभोवतीची हिरवी कड जागची हलत नाही. या सल्ल्याचा मला प्रतिवाद करायचा आहे. तो अपुरा आहे एवढंच माझं म्हणणं नाही. तो कामाचा क्रम उलटा लावतो, आणि त्या उलट्या क्रमाची किंमत ज्यांना परवडत नाही त्यांच्याच खिशातून जाते.

हे काम करणारे आता थोडेथोडके नाहीत. एमआयडीसीतल्या लहान कारखान्याला आपल्या यंत्राची ओळख करून देणारी फिल्म हवी असते, नव्या कामगाराला सुरक्षेचे नियम दाखवणारी क्लिप हवी असते. अशोकनगर, श्रमिकनगर भागात शिकवणी घेणाऱ्या ताईंना आपल्या मागे फळ्याऐवजी आकृती दिसायला हवी असते. यूट्यूबवर गावच्या बातम्या देणाऱ्यांना स्टुडिओसारखी पार्श्वभूमी लागते, आणि 2027 चा सिंहस्थ जवळ येईल तसे त्र्यंबक रस्त्यावर कॅमेरेही वाढत जाणार आहेत. यांच्यापैकी बहुतेकांना सिनेमा करायचा नाही. बोलणारा माणूस पडद्यापासून स्वच्छ सुटा व्हावा आणि काम पुढच्या आठवड्यात हातात पडावं, एवढीच त्यांची गरज आहे. नवशिका म्हणजे हा माणूस. त्याला दिलेला सल्ला त्याच्या गरजेवर घासून पाहायला हवा.

समोरच्यांची बाजू आधी पूर्ण ताकदीनं मांडतो. आफ्टर इफेक्ट्सबरोबर कीलाइट नावाचं साधन येतं. ते लंडनच्या कॉम्प्युटर फिल्म कंपनीत सिनेमाच्या कामासाठी जन्मलं, पुढे फाउंड्रीनं ते वाढवलं, आणि केसांच्या बटा, धूर, काच अशा अवघड जागी त्यानं वर्षानुवर्षं नाव राखलं आहे. शिकवणारे व्हिडिओ मुबलक आहेत. मुंबई-पुण्याच्या जाहिरातींत "आफ्टर इफेक्ट्स येणं आवश्यक" असं लिहिलेलं असतं. यातला एकही मुद्दा खोटा नाही. पण यातून "म्हणून नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करावी" हा निष्कर्ष निघत नाही, कारण हे सगळे मुद्दे फुटेज नीट आलं आहे असं धरून चालतात. सातपूरच्या दहा बाय बाराच्या खोलीत घेतलेलं फुटेज नीट आलेलं नसतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

क्रोमाचा, म्हणजे रंगीत पडद्यावरून माणूस सुटा करण्याचा, इतिहास पाहिला तर हे आणखी स्पष्ट होतं. 1940 च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्यासमोर चित्रण करून माणसं वेगळ्या दृश्यात बसवली आणि त्या कामाला ऑस्कर मिळालं. 1959 च्या 'बेन-हर'साठी पेट्रो व्लाहोस यांनी या पद्धतीला आजचं रूप दिलं. चित्राच्या प्रत्येक जागी पडद्याचा रंग उरलेल्या दोन रंगांपेक्षा किती वरचढ आहे, हे त्यांनी मोजलं. जिथे तो वरचढ नाही तिथे माणूस, जिथे पुरता वरचढ तिथे पडदा, आणि जिथे थोडासाच वरचढ तिथे केस, धूर, पातळ पदर. ती वजाबाकी त्यांनी फिल्म, फिल्टर आणि छपाईयंत्रावर करून दाखवली. कॉम्प्युटरचा त्यात संबंधच नव्हता. 1964 च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये तर पडदा सोडियमच्या वाफेच्या पिवळ्या दिव्यांनी उजळला होता आणि कॅमेऱ्यातला लोलक तो पिवळा प्रकाश वेगळ्या फिल्मवर पाठवत होता. आपल्या रस्त्यांवर पूर्वी जे पिवळे दिवे असत, त्यांच्याच कुळातला तो दिवा. कापणी झाली ती दिव्याच्या जोरावर, चित्रणाच्या क्षणीच. व्लाहोस यांनी पुढे 1976 मध्ये अल्टिमॅट कंपनी काढली आणि तीच वजाबाकी विजेच्या यंत्रात बसवली. आजची सगळी चांगली साधनं त्या वजाबाकीची लेकरं आहेत. पडदा एकसारखा उजळलेला नसेल तर वजाबाकी चुकते, मग ती फिल्मवर करा, फुकटच्या प्रोग्रॅममध्ये करा किंवा महिन्याला भाडं भरून करा.

आता आपल्या हातातल्या मोबाइलकडे येऊ, कारण सातपूरमधलं बहुतेक चित्रण त्यावरच होतं. त्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी मांडणी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी 1976 मध्ये पेटंट घेतलेली ही रचना. एचडी व्हिडिओच्या प्रकाशमानतेच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के धरतात. म्हणून डिजिटल काळात निळ्याऐवजी हिरवा पडदा पुढे आला: हिरव्यात तपशील जास्त, खरखर कमी. पण मोबाइल फाइल लहान करण्यासाठी आणखी एक गोष्ट करतो. 1920 बाय 1080 च्या चित्रात उजेड-अंधाराचा तपशील तो पूर्ण ठेवतो आणि रंगाचा तपशील फक्त 960 बाय 540 इतका साठवतो. म्हणजे रंगाच्या दृष्टीनं चार ठिपक्यांना मिळून एकच नोंद. क्रोमा तर रंगावरच काढायचा असतो! कडेला जे दात दिसतात, केसांचे जे चौकोनी तुकडे पडतात, ते इथून येतात. महागडं सॉफ्टवेअर ती गेलेली माहिती परत आणू शकत नाही, फार तर तिच्यावर लेप देतं.

यावर उपाय आहे आणि तो सॉफ्टवेअरच्या दुकानात मिळत नाही. चित्रण 4के मध्ये करायचं आणि शेवटचा व्हिडिओ 1080 मध्ये काढायचा. 4के मध्ये रंगाची नोंद 1920 बाय 1080 होते, म्हणजे तुमच्या शेवटच्या चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळतो. फुकटात एवढा फायदा देणारं दुसरं काही मला माहीत नाही, आणि मशीन बदलायला सांगणाऱ्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलेलं नाही. याहून साधी गोष्ट म्हणजे फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, आणि त्या दाबण्यात पहिला बळी रंगाच्या तपशिलाचा जातो. शूटिंग करणारा एकीकडे, एडिटिंग करणारा दुसरीकडे, मध्ये व्हॉट्सअ‍ॅप, आणि मग "कीलाइटनं पण नीट येत नाही" ही तक्रार. केबल लावा, कार्ड हातात नेऊन द्या, पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पडद्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि तिथेच सातपूरकराची सोय सगळ्यात चांगली आहे. बाजारातलं चकचकीत पॉलिस्टरचं हिरवं कापड घेऊ नये. ते दिव्याचा उजेड आरशासारखा परत फेकतं आणि मध्यभागी पांढरट डाग पडतो. जाडसर, बिनचमकीचं सुती कापड चांगलं. भिंत आपली असेल तर बिनचमकीचा हिरवा डिस्टेंपर त्याहून चांगला. कापडावरची प्रत्येक सुरकुती म्हणजे एक सावली, आणि प्रत्येक सावली म्हणजे प्रोग्रॅमला दिलेला हिरव्याचा आणखी एक प्रकार. म्हणून कापड लटकवून ठेवण्यापेक्षा ताणून बसवायला हवं. त्यासाठी चौकट लागते, आणि चौकट बनवून देणारं फॅब्रिकेशनचं दुकान सातपूरमध्ये हाकेच्या अंतरावर असतं. स्क्वेअर पाइप, चार कोपऱ्यांना वेल्डिंग, कडेनं क्लिपा. मोठ्या शहरातल्या मुलाला ऑनलाइन स्टँड मागवावा लागतो. इथल्या मुलाला तो मापात करून मिळतो. ही इथली जमेची बाजू आहे आणि ती आम्ही वापरत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

दिवे दोन ठिकाणी लागतात. पडद्याला वेगळे, माणसाला वेगळे. पडद्यावरचा उजेड डावीकडून उजवीकडे, वरून खाली सारखा हवा. माणूस पडद्यापासून निदान सहा फूट पुढे उभा राहिला, तर त्याची सावली पडद्यावर पडत नाही आणि पडद्याचा हिरवा उजेड त्याच्या कानांवर, खांद्यांवर, तेल लावलेल्या केसांवर सांडत नाही. खोली लहान असेल तर पूर्ण उंचीचं चित्रण सोडून द्यावं, कमरेपर्यंत घ्यावं. त्यानं पडद्याचं क्षेत्र कमी लागतं आणि तेवढंच नीट उजळता येतं. माणूस उभा एकटाच असेल तर मोबाइलही उभा धरावा, म्हणजे चित्राचे जास्त ठिपके माणसावर खर्च होतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करणं तर अटळच. नाहीतर माणूस हात हलवतो तसा मोबाइल उजेड बदलत राहतो आणि दर सेकंदाला पडद्याचा हिरवा वेगळा होतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं नाही तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. अनेक मोबाइलच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ही सोय नसते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप आयफोनसाठी 2023 पासून आणि निवडक अँड्रॉइड फोनांसाठी 2024 पासून फुकट मिळतं, त्यात शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं हातानं ठरवता येतं.

कपड्यांचाही विचार आपल्या मातीतून करावा लागतो. परदेशी व्हिडिओत "हिरवा शर्ट घालू नका" एवढंच सांगून मोकळे होतात. आपल्याकडे नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो, अंगावर हिरवा शालू असतो, आणि ते काढून ठेवा म्हणणं शक्य नाही, योग्यही नाही. अशा वेळी पडदा निळा घ्यायचा. कृष्णाची भूमिका करणारं निळं रंगवलेलं मूल असेल तर पडदा हिरवाच. पैठणीच्या जरीत, नथीच्या मोत्यांत, चष्म्याच्या काचेत पडदा उमटतो. त्यासाठी माणूस आणखी दोन फूट पुढे आणावा, चष्मा किंचित खाली झुकवावा. हे निर्णय लग्नाचं काम करणाऱ्या अनुभवी शूटिंगवाल्यांना माहीत असतात. माझी त्यांच्याकडे एकच तक्रार आहे, की नवशिक्यानं विचारल्यावर ते हा अनुभव सांगत नाहीत, सॉफ्टवेअरचं नाव सांगतात.

"म्हणजे सॉफ्टवेअर कुठलंही चालतं?" असं कोणी विचारेल. नाही, तसं मी म्हणत नाही, आणि माझी बाजू तेवढी भोळी समजली जाऊ नये. साधनांत फरक आहे. एक प्रकार असा, की तुम्ही एक हिरवा निवडता आणि त्याच्या आसपासचे सगळे हिरवे पुसले जातात. दुसरा प्रकार व्लाहोस यांच्या वजाबाकीचा. पहिल्यात कड एकतर असते किंवा नसते, अर्धपारदर्शक जागा नीट सांभाळली जात नाही. नवशिका मग टॉलरन्सची पट्टी ओढत जातो, पडदा नाहीसा होतो आणि त्याबरोबर अर्धे केसही. दुसऱ्यात केस टिकतात आणि अंगावर सांडलेला हिरवाही उतरतो. समोरच्यांचा दावा असा, की हा दुसरा प्रकार फुकटात मिळत नाही. हा दावा चुकीचा आहे. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन नावाचा विभाग आहे आणि त्यात डेल्टा कीअर आहे, वजाबाकीच्याच कुळातला. रिकाम्या पडद्याचा हिशेब वेगळा करून असमान उजेड सुधारणारं क्लीन प्लेटही त्यात आहे. ही काही मुदतीची चाखायला दिलेली आवृत्ती नाही. ती 3840 बाय 2160 पर्यंत, सेकंदाला 60 फ्रेमपर्यंत व्हिडिओ काढून देते, आणि पैसे भरायच्या आवृत्तीतले खास परिणाम वापरले नाहीत तर चित्रावर शिक्का मारत नाही. पैशाची आवृत्ती घ्यायची वेळ आलीच तर 295 डॉलर एकदाच भरायचे. अडोबीनं 2013 पासून आपली नवी साधनं फक्त भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडं थांबलं की साधन थांबतं. महिन्याचं उत्पन्न ठरलेलं नसलेल्या माणसाला हा फरक मोठा आहे.

रिझॉल्व्हविरुद्धही एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे. त्याला मशीन दणकट लागतं. कंपनी स्वतःच 16 जीबी रॅम सांगते, फ्यूजनसाठी 32. घरी 8 जीबीचा जुना कॉम्प्युटर असेल तर ते अडखळेल, आणि नवशिक्याचा धीर सुटेल. अशा माणसाला मशीन बदलायला सांगणं हा उपाय नाही. त्यानं शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्यावं. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त स्रोत, दोन्हींत क्रोमाचे साधे आणि पुढचे असे प्रकार आहेत, सांडलेला हिरवा उतरवण्याची वेगळी सोय आहे, आणि जड 4के फुटेजची हलकी नक्कल करून त्यावर काम करता येतं. केसांच्या कडेला ही साधनं डेल्टा कीअरच्या मागे राहतील, हे मान्य. पण नीट उजळलेल्या पडद्यासमोर केस बांधून बसलेल्या शिकवणीच्या ताईंना तो फरक दिसणारही नाही. थेट प्रक्षेपण करायचं असेल तर ओबीएस पुरेसं आहे, क्रोमाचा फिल्टर त्यात आहे. घरात मॅक असेल तर आयमूव्हीपासून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. मोबाइलवरच सगळं करायचं असेल तर काइनमास्टर आहे, फुकट आवृत्तीचा शिक्का मात्र चित्रावर येतो. फिल्मोरासारख्या प्रोग्रॅमबद्दल सावध करतो: शिकायला सोपे आहेत, पण काम संपवून फाइल काढायच्या वेळी शिक्का काढायला पैसे मागतात. आणि जो आधीपासून एडियसवर लग्नांचं मिक्सिंग करतो आहे, त्यानं काहीच बदलू नये. त्यात क्रोमा आहे, हात बसलेला आहे. त्यानं पडदा सुधारावा.

नोकरीचा मुद्दा राहिला, आणि तो पालकांच्या मनाला सगळ्यात जास्त भिडतो. "कंपन्यांत आफ्टर इफेक्ट्स मागतात" हे जाहिरात, मोशन ग्राफिक्स, वाहिन्यांचं काम यांच्यापुरतं खरं. सिनेमातल्या व्हीएफएक्सच्या मोठ्या स्टुडिओंत मात्र कंपोझिटिंग न्यूकवर चालतं. त्यात तेच कीलाइट आहे आणि शिकण्यासाठी त्याची फुकट आवृत्तीही मिळते, 1920 बाय 1080 च्या मर्यादेत. न्यूक आणि फ्यूजन दोन्हींत काम नोडच्या जाळ्यात होतं, म्हणून फ्यूजनवर बसलेला हात न्यूकवर लवकर रुळतो. मुलाखतीत मॅट उघडून दाखवायला सांगतात तेव्हा विचार कळावा लागतो: काळ्या-पांढऱ्या चित्रात माणूस पूर्ण पांढरा आहे का, पडदा पूर्ण काळा आहे का, आणि मधल्या करड्या जागा केसांच्या आहेत की सुरकुत्यांच्या. पडद्याबाहेरचा भाग आधी कापून टाकायचा, मग रंग उचलायचा, मग मॅट पाहायची, माणसाच्या आतली भोकं बुजवायची, कड शक्य तितकी कमी चेपायची आणि शेवटी सांडलेला हिरवा उतरवायचा. हा क्रम प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तोच राहतो. तो न शिकवता फक्त बटणांच्या जागा पाठ करून घेणारा क्लास मुलाला नोकरीसाठी तयार करत नाही, एका आवृत्तीसाठी तयार करतो.

क्रॅकबद्दल मी गप्प बसणार नाही, जरी "सगळेच वापरतात" हे उत्तर तयार असलं तरी. कॉपीराइट कायदा 1957 मधलं कलम 63 ब स्पष्ट आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणक प्रोग्रॅम वापरला, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. कमाईसाठी वापर झालेला नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं आणि दंड पन्नास हजारांपर्यंत ठेवू शकतं. लग्नाचं किंवा कारखान्याचं काम बिल देऊन करणारा माणूस ही सवलत मागू शकत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी उरतं ते मशीन. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर ग्राहकाच्या लग्नाचं सगळं फुटेज असतं, बँकेचा पासवर्ड असतो. ज्या कामाला फुकट आणि कायदेशीर साधन हजर आहे, त्यासाठी एखाद्या तरुण पोराला हा धोका पत्करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

या वादाला दुसरं टोकही आहे, आणि तिथूनही नवशिक्याची दिशाभूल होते. "आता कापड-बिपड काही लागत नाही, एआय एका बटणात पार्श्वभूमी काढतं" असं सांगणारे वाढले आहेत. मोबाइलवर वीस सेकंदांच्या रीलसाठी ते चालून जातं. पण तिथे प्रोग्रॅम माणसाची कड अंदाजानं ठरवतो, मोजत नाही. त्यामुळे फ्रेमगणिक कड थरथरते, वेगानं हलणारा हात बोटांशिवाय दिसतो, हातातलं यंत्र किंवा पुस्तक कधी माणसाचं धरलं जातं, कधी पार्श्वभूमीचं. कारखान्याच्या फिल्ममध्ये हातातला व्हॉल्व्ह मध्येच गायब झाला तर ती फिल्म ग्राहकाला दाखवता येत नाही. दोन्ही टोकांची चूक एकच आहे. दोघंही चित्रणाचं काम चित्रणानंतर करायला सांगतात.

मग निवड कशी करायची? याचं उत्तर नाशिकमध्ये शोधायला आपल्याला लाज वाटायचं कारण नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले, आणि थेट 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी एका कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीचं लहानसं चित्रण केलं, 'अंकुराची वाढ'. त्यातून यंत्र, फिल्म, रसायनं आणि स्वतःचा हात तपासला गेला, आणि पैसा लावणाऱ्यांपुढे ठेवायला पुरावा मिळाला. फिल्मला छिद्रं पाडण्यापासून रसायनं मिसळण्यापर्यंत सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीनं राबल्या. 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच वर्षी फाळके नाशिकला आले, आणि पुढची करामतींनी भरलेली पौराणिक चित्रं इथे घडली. चाचणीची क्लिप ही पद्धत या शहरात शंभर वर्षांहून जुनी आहे.

म्हणून नवशिक्याला माझा सल्ला असा. सॉफ्टवेअर उतरवण्याआधी एक मिनिटाची क्लिप करा. ताणलेला पडदा, पडद्याला दोन दिवे, माणसाला एक, 4के, सगळं लॉक. पहिले काही सेकंद रिकामा पडदा घ्या, मग माणूस आत येऊ द्या. केस मोकळे सोडून मान वळवा, हात जोरात हलवा, चष्मा घालून कॅमेऱ्याकडे पाहा, पाण्याचा काचेचा ग्लास हातात धरा. ही क्लिप आपल्याच मशीनवर, आपल्या मशीनला झेपणाऱ्या दोन फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा. आधी वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, पाहा: पडद्याची रेघ साधारण निम्म्या उंचीवर, पातळ आणि आडवी दिसली तर पडदा जमला. ती जाड किंवा तिरकी असेल तर प्रोग्रॅम बंद करून दिवे हलवा आणि पुन्हा चित्रण करा. रेघ जमल्यावरच दोन प्रोग्रॅमची तुलना करा: कुठल्यात केस टिकले, कुठल्यात मशीन गुदमरलं नाही, कुठल्यातली बटणं तुम्हाला दुसऱ्या दिवशी न विचारता सापडली. त्या क्लिपवर दोन्ही अपुरे पडले आणि कारण खरोखर प्रोग्रॅमचंच निघालं, तर मग आफ्टर इफेक्ट्सचं भाडं भरा, परवान्यासकट. तेव्हा तुम्हाला कशासाठी भरतोय हे माहीत असेल.

क्लासवाल्यांना मात्र थेट सांगणं आहे. तुमच्याकडे येणाऱ्या मुलाची फी बहुतेक वेळा कारखान्यातल्या आईबापांच्या ओव्हरटाइममधून येते. पहिले दोन आठवडे त्याला मशीनसमोर बसवू नका. एक खोली, एक चौकट, तीन दिवे आणि त्याचाच मोबाइल एवढ्यावर त्याच्याकडून पडदा उजळून घ्या. रिझॉल्व्हची शिकवणीची पुस्तकं सरावाच्या फुटेजसह कंपनी फुकट देते, पण ती इंग्रजीत आहेत. ती मराठीत समजावून सांगायला फी घ्या, मनापासून घ्या, ते काम मोलाचं आहे. आणि प्रवेशाच्या दिवशी मुलाच्या हातात क्रॅकचा पेनड्राइव्ह देणं आजपासून बंद करा.